नायगाव कोणते?

नायगाव म्हटले की महाराष्ट्रात चार जणांच्या डोळ्यांपुढे चार गावे उभी राहतात. कुणाला सातारा जिल्ह्यातले, सावित्रीबाई फुल्यांच्या जन्माचे नायगाव आठवते. मुंबईकराला दादरलगतचे बीडीडी चाळींचे, तर वसईच्या माणसाला लोकल थांबते ते. आमचे नायगाव नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबादला जाणाऱ्या रस्त्यावरचे. लोक त्याला नायगाव बाजार म्हणतात. सरकारी कागदावर तालुक्याच्या नावापुढे कंसात खैरगाव असते. नांदेडच्या स्थानकात एसटीत बसून ‘एक नायगाव’ म्हटले की कंडक्टर तिकीट देतो, कोणते म्हणून विचारत नाही. गाडी कुठे चालली आहे हे त्याला ठाऊक असते. याद्या जुळवणाऱ्या संगणकाला फक्त अक्षरे दिसतात. गावाच्या नावात घोटाळा झाला तर टपाल भलतीकडे जाते, इतकेच. माणसाच्या नावात झाला तर त्याचे रेशन जाते, अनुदान जाते. असे घोटाळे आता सरकारच्या वतीने यंत्रे करू लागली आहेत, म्हणून आजच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी हा विषय.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. तिची आठवण आमच्या भागात रझाकारांच्या अत्याचारांतून सांगितली जाते, आणि ती तशी सांगायलाच हवी. पण त्या राजवटीचे आणखी एक दुखणे होते. हुकूम वाचता येत नसे. संस्थानाचा कारभार आधी फारसीत आणि १८८४ नंतर उर्दूत चाले. बहुसंख्य रयत मराठी, तेलुगू, कानडी बोलणारी. कागद हाती आला की तो घेऊन कुणा जाणत्याकडे जायचे आणि तो सांगेल तो अर्थ खरा मानायचा. जमीन राहिली की गेली, हे दुसऱ्याच्या तोंडून कळायचे. आपल्याविषयीचा निर्णय आपल्याला वाचता यावा, तो कुणी आणि का घेतला हे विचारता यावे, ही मागणीही त्या लढ्याच्या पोटात होती. शेजारच्या उमरीत जानेवारी १९४८ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी बँकेवर धाड घालून सुमारे वीस लाख रुपये नेले, आणि पुढे त्या रकमेचा हिशेब दिला. जिवावर उदार होऊन लढणाऱ्यांनाही हिशेब द्यावासा वाटला, ही गोष्ट उमरीकडचे लोक अजून अभिमानाने सांगतात.

तालुक्यातल्या एका अंगणवाडीत मध्यंतरी आम्ही अर्धा-पाऊण तास बसलो होतो. दुपारचे बारा वाजून गेलेले. सात-आठ महिन्यांचे पोर काखेत घेऊन एक बाई पोषण आहाराचे पाकीट न्यायला आली. सेविकेने मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला. ‘इकडं बघ पोरी. डोळे मिचकाव.’ तिने मिचकावले. पडद्यावरचे चाक फिरत राहिले आणि मग लाल खूण आली. दाराच्या उजेडात उभे केले, पदर मागे घ्यायला लावला. पुन्हा लाल. ‘घ्यायलाच नाही बघा ताई,’ ती म्हणाली, ‘काल पण आलते, आज पण तसंच करायलंय.’ तिच्या आधार कार्डावरचा फोटो शाळेत असतानाचा. मध्ये लग्न झाले, दोन बाळंतपणे झाली, दोन हंगाम वीटभट्टीवर गेले. गाल बसले होते, रंग रापला होता. सेविका त्याच गावची. ही बाई लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिला ओळखणारी. ओळखणारे माणूस हातभर अंतरावर बसले होते आणि न ओळखणारा फोन त्याच्या हातात होता. सरकारने शब्द मानला होता तो फोनचा.

१ जुलै २०२५ पासून केंद्राने पोषण ट्रॅकर या अॅपवर घरपोच आहारासाठी चेहरापडताळणी सक्तीची केली. हेतू वाईट नाही. कागदोपत्री लाभार्थी दाखवून आहार परस्पर विकला जाण्याचे प्रकार आपल्याला नवे नाहीत. पण चेहरा ओळखणारे यंत्र सगळ्यांना सारखे ओळखत नाही, हे जगाला २०१८ पासून ठाऊक आहे. त्या वर्षी अमेरिकेत जॉय ब्युओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधक स्त्रियांनी नामांकित कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष एवढेच सांगायचे होते. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक एक टक्क्याच्याही आत होती. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत एका प्रणालीत ती जवळपास ३५ टक्क्यांवर गेली. ज्या फोटोंवर यंत्र शिकते त्यांत अशा स्त्रिया थोड्या असतात, हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. आपल्याकडचे अॅप त्याच चाळणीतून गेले का, मराठवाड्याच्या उन्हात राबणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यांवर ते किती वेळा फसते, याचा आकडा जिल्ह्याने प्रसिद्ध केला पाहिजे. तो मिळेपर्यंत या फोनला शेवटचा शब्द देणे हा अन्याय आहे.

‘भेदभाव’ हा शब्द इथे जाणूनबुजून वापरतो आहोत. यंत्राच्या मनात आकस नसतो, त्याला मनच नसते, हा युक्तिवाद आम्ही कार्यालयांतून अनेकदा ऐकला आहे. पण चुका सगळ्यांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. नांदेड शहरातल्या प्राध्यापकाचे नाव दहावीच्या प्रमाणपत्रापासून पासपोर्टपर्यंत एकाच स्पेलिंगने चालत येते. तांड्यावरच्या बाईचे काय? माहेरी एक नाव, सासरी दुसरे. रेशन कार्डावर नवऱ्याचे नाव मधोमध, बँकेत वडिलांचे. जाधव इंग्रजीत कधी ‘व्ही’ने संपतो, कधी ‘ओ’ने. शेख तीन तऱ्हांनी लिहिला जातो. आजोबांची नोंद उर्दूत, वडिलांची मराठीत, नातवाची इंग्रजीत, आणि या तिन्ही लिप्यांतून नाव नेताना प्रत्येक कारकुनाने आपल्या कानाला जसे ऐकू आले तसे उतरवलेले. निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधताना उर्दू आणि मोडीचे जाणकार गावोगाव फिरवावे लागले, हे आपण अलीकडेच पाहिले. माणसे बसवूनही जे वाचणे कठीण गेले, ते यंत्र क्षणात जुळवते आणि जुळले नाही की ‘अपात्र’ म्हणते. ज्याचे कागद आधीच लंगडे, त्याच्याच पायावर कुऱ्हाड पडते. बाई, दलित, मुसलमान, भटका, परराज्यात मजुरीला जाणारा, बोटांचे ठसे कामाने झिजलेला म्हातारा, असेच लोक त्या यादीत पुन्हा पुन्हा सापडतात. याला दुसरा शब्द नाही.

याची प्रचीती घ्यायला फार लांब जावे लागत नाही. देगलूर ओलांडले की मदनूर, तेलंगणा. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख एकाच राज्यात होता आणि आजही इकडच्या लेकी तिकडे दिलेल्या आहेत, इकडचे मजूर निजामाबाद-हैदराबादला जातात. त्या तेलंगणात २०१६ पासून ‘समग्र वेदिका’ नावाची प्रणाली चालते. वाहन नोंदणी, मालमत्ता, वीज अशा निरनिराळ्या खात्यांतल्या नोंदी ती जुळवते आणि अमुक नोंदीतला माणूस व तमुक नोंदीतला माणूस एकच, असे ठरवते. हैदराबादच्या एका वृद्ध विधवेचे रेशन तिने बंद केले. कारण, नवऱ्याच्या नावावर मोटार. नवरा आयुष्यभर रिक्षा ओढणारा. मोटार होती ती दुसऱ्याच एका माणसाची. दोघांची नावे जवळपास सारखी, एका शब्दाचा फरक. यंत्राने तो शब्द सोडून दिला. हैदराबादच्या जुन्या शहरात सय्यद, अली, हैदर ही नावे किती घरांत सापडतात हे कुठल्याही पोस्टमनने सांगितले असते. कार्ड परत मिळवायला त्या बाईला न्यायालयापर्यंत जावे लागले. जानेवारी २०२४ मध्ये अल् जझीरा आणि रिपोर्टर्स कलेक्टिव्ह यांनी ही सगळी कहाणी बाहेर आणली.

२०१४ ते २०१९ या काळात तेलंगणात सुमारे १९ लाख शिधापत्रिका रद्द झाल्या होत्या, बहुतेक नोटिशीविना. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सर्वांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन फेरतपासणी करायला सांगितले. हा आदेश आमच्या मते प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयाच्या भिंतीवर लावण्याजोगा आहे. संगणकाने केलेली छाननी पुरेशी नाही, दारात जा, असे देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. फेरतपासणीत किमान साडेसात टक्के कार्डे चुकीने रद्द झाल्याचे निघाले. टक्केवारी लहान दिसते. लाखांच्या यादीत साडेसात टक्के म्हणजे हजारो चुली.

आता आपल्याकडे येऊ. २०२५ साली मुक्तिदिनाच्या दुसऱ्याच दिवशी, १८ सप्टेंबरला, लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीचे परिपत्रक निघाले. योजनेत शिस्त आणण्याची गरज होती, हे मान्य केले पाहिजे. त्याआधी जुलैमध्ये सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी निकषांत बसत नसल्याचे मंत्र्यांनीच सांगितले होते, आणि चौदा हजारांहून अधिक पुरुषांच्या नावे पैसे गेल्याचेही उघड झाले होते. हे पैसे कुणाच्या बापाचे नाहीत, जनतेचे आहेत. पण ई-केवायसीच्या पानावर काय मागितले होते? बाईचे आधार, आणि सोबत नवऱ्याचे किंवा वडिलांचे. नवरा वारलेला, बाप वारलेला, अशी बाई त्या पानावर पुढे सरकूच शकत नव्हती. तिची केस नाकारली गेली असेही म्हणता येत नाही. तिच्यासारखी बाई जगात असते हेच पान तयार करणाऱ्याच्या ध्यानात नव्हते. टाकलेल्या बायका, घटस्फोटिता, विधवा. दुष्काळ आणि कर्ज यांनी ज्या मराठवाड्यात इतक्या शेतकऱ्यांच्या बायकांना एकटे केले, तिथे हे ध्यानात राहू नये? नोव्हेंबरात मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली आणि अशा बायकांनी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचे कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावेत, असे ठरले.

दुसरी गोष्ट भाषेची. घरात कुणी सरकारी नोकरीत नाही ना, अशा नकारार्थी वळणाने विचारलेल्या प्रश्नाला बायकांनी गडबडीत चुकीचे उत्तर दिले. ‘नाही ना?’ म्हटल्यावर कुणी ‘हो’ म्हणते, कुणी ‘नाही’. मराठीत दोन्हींचा अर्थ एकच होतो आणि समोर बसलेल्या माणसाला तो कळतो. यंत्राने एका उत्तरावर अख्खे घर सरकारी नोकरदाराचे ठरवले. बाजारपेठेतल्या सेवा केंद्रावर रांगेत उभे राहून, ऑनलाइनवाल्या पोराने ‘हो म्हणू का नाही?’ विचारल्यावर घाईत दिलेले हे उत्तर. अखेर सेविकांना घरोघर पाठवून खातरजमा करायची वेळ आली.

ही कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती, साधा ऑनलाइन फॉर्म आणि याद्यांची जुळणी होती, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण पुढचे पाऊल पडलेले आहे. शेतीसाठी राज्याने २०२५ मध्ये महाअॅग्री-एआय धोरण मंजूर केले. पोलिसांसाठी २०२४ मध्ये नागपुरात ‘मार्व्हल’ ही कंपनी उभी राहिली आणि तपासाला साहाय्य करणारी प्रणाली राज्यभरातल्या ठाण्यांपर्यंत नेण्याची घोषणा झाली. साध्या फॉर्मची चूक निदान दाखवता तरी येते. हा प्रश्न, हे उत्तर, इथे घोळ झाला. शिकणाऱ्या यंत्राची चूक पुष्कळदा त्याच्या निर्मात्यालाही बोटाने दाखवता येत नाही. पोलीस खात्याच्या बाबतीत तर आम्हाला मनापासून काळजी वाटते. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण ठाण्यातल्या रजिस्टरांतून आणि हवालदारांच्या डोक्यातून तो गेला का, हे आमच्या भागातल्या कुठल्याही पारधी पालावर जाऊन विचारावे. चोरी झाली की पहिली जीप पालावर. संशयावरून उचललेल्यांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या साठलेल्या. त्या नोंदींवर उद्या एखादे यंत्र शिकले, तर ते शंभर वर्षांचा संशय गणिताच्या भाषेत परत सांगेल. हवालदाराच्या पूर्वग्रहाविरुद्ध निदान तक्रार करता येते, त्याला साहेबासमोर उभे करता येते. आकड्याविरुद्ध तक्रार कुणाकडे करायची? जुन्या नोंदींतून निव्वळ संशयाच्या नोंदी वेगळ्या काढल्याशिवाय त्या कुठल्याही प्रणालीला पुरवू नयेत.

नेदरलँड्ससारख्या श्रीमंत, सुशिक्षित देशात हे घडून गेले आहे. तिथल्या करखात्याने बालसंगोपन भत्त्यात लबाडी कोण करील याचा अंदाज यंत्राकडून घ्यायला सुरुवात केली आणि ‘नागरिकत्व डच आहे की नाही’ हाही एक निकष त्यात घातला. हजारो आईबापांच्या माथी न केलेल्या लबाडीची वसुली बसली. घरे विकली गेली, संसार मोडले. जानेवारी २०२१ मध्ये त्या प्रकरणावरून सरकारला राजीनामा द्यावा लागला. युरोपने नंतर कायदा करून सरकारी लाभांची पात्रता ठरवणारी यंत्रे धोक्याच्या वरच्या श्रेणीत टाकली. आपल्या केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वतंत्र कायद्याची तूर्त गरज नसल्याची भूमिका घेतली.

कायदा नाही म्हणून हात बांधलेले आहेत असे मात्र कुणी म्हणू नये. संविधानाचा चौदावा आणि पंधरावा अनुच्छेद यंत्राच्या आडून काम करणाऱ्या सरकारलाही लागू आहे. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सांगते की प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला द्यावीत, तिने मागायचीही वाट पाहू नये. आणि आपल्या राज्याचा लोकसेवा हक्क कायदा २८ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. सेवा नाकारायची तर पदनिर्देशित अधिकाऱ्याने लेखी कारण द्यावे, त्यावर दोन अपिले, वर आयोग, कसूर केल्यास पाचशे ते पाच हजार रुपये दंड. चांगला कायदा आहे. पण त्याची सगळी घडण अर्जाभोवती आहे. ज्याने अर्ज केला त्याला नकार मिळाला तर तो अपिलात जाईल. जिचे नाव काल यादीत होते आणि आज नाही, तिने अर्ज केलेला नसतो, तिला नकाराचा कागदही मिळत नाही. बँकेत गेल्यावर पैसे आले नाहीत एवढे कळते. तहसीलमध्ये विचारले तर ‘वरूनच गेलंय’ असे सांगतात. वरून म्हणजे कुणी? त्या ‘वरून’ला नाव नाही, सही नाही, टेबल नाही. निजामाच्या हुकमावर निदान शिक्का असे. नाव वगळणे हाही नकारच, असे या कायद्यात एका दुरुस्तीने लिहिता येईल. नांदेड-लातूरच्या आमदारांनी तेवढी एक गोष्ट विधिमंडळात लावून धरावी.

कार्यालयातल्या माणसांची अडचण आम्हाला कळते. एकेका ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे तीन-तीन गावे, वरून रोज नवे अॅप, नवी मुदत. यंत्र हवेच आहे. पण यंत्राचे काम संशय दाखवण्यापर्यंतच असावे. नाव कापण्याचे काम सहीच्या माणसाने करावे, आणि सही करण्याआधी दारात जाऊन यावे. संशय खरा असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी कार्यालयाची. तोवर लाभ चालू. दोन महिने एखाद्या अपात्र घरात दीड-दीड हजार जादा गेले तर ते वसूल करता येतात. दोन महिने बाळाच्या तोंडचा आहार गेला तर तो परत येत नाही.

यासाठी परदेशातून काही आणायला नको. २०१७ साली सातबारा ऑनलाइन करताना संगणकातल्या नोंदी गावोगाव चावडीवर मोठ्याने वाचून दाखवल्या होत्या. ‘हे क्षेत्र माझं नाही’, ‘आमच्या बापाचं नाव चुकलंय’ असे लोक तिथल्या तिथे उठून सांगत आणि तलाठी लिहून घेई. महसूल खात्याने तेव्हा मान्य केले होते की संगणकात काय लिहिले आहे याचा उत्तम तपासनीस गावच आहे. तेच चावडीवाचन आता वगळलेल्यांच्या यादीचे व्हावे. फक्त नावे वाचावीत. कारण चारचौघांत सांगू नये, बाईचे घरगुती दुःख चावडीवर यायला नको. ते तिच्या हातात, मराठीत, सहीनिशी द्यावे. आणि तालुक्यात वर्षभरात यंत्राने किती नावे कापली, त्यांत बायका किती, कुठल्या समाजाच्या किती, चौकशीनंतर किती परत आली, हा तक्ता तहसीलच्या फलकावर लागावा. झेंडावंदनाला गावोगावचे सरपंच आज तहसीलमध्ये जमतील. त्यांनी तो मागावा. भेदभाव झाला की नाही याचा वाद मग हवेत राहणार नाही.

त्या अंगणवाडीत पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. चार वेळा लाल खूण आल्यावर सेविकेने फोन बाजूला ठेवला. टेबलाच्या खणातून एक दोनशे पानी वही काढली. तीत फोनने न ओळखलेल्या बायकांची नावे तारखेसह लिहिलेली होती. या बाईचे नाव तिने खाली लिहिले, पुढे बाळाचे वजन लिहिले आणि पाकीट तिच्या हातात दिले. या वहीला सरकारदरबारी काही किंमत नाही, उद्या तपासणीत हिशेब जुळला नाही तर भरपाई तिच्या मानधनातून जाईल, ही भीती तिने बोलून दाखवली. त्या अॅपमध्ये एका रकान्याची सोय करावी, एवढीच आमची आज जिल्हा परिषदेकडे आणि राज्याच्या महिला व बालविकास खात्याकडे मागणी आहे: ‘फोनने ओळखले नाही. मी ओळखते.’ आणि पुढे सेविकेची सही.